गावभर वाटलेली सभा

आमचे थोरले दीर, म्हणजे सगळ्या गावाचे दादा, यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतकी माणसं सभेला धरून बसवणाराही दुसरा झाला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा, असं कुणी विचारलं तर मी सांगते, एकीच्या पोटातनंच दुसरी निघाली होती. लोक म्हणतात, पुढारी व्हायला छाती लागते. दादांना छाती नव्हती, नुसती धडधड होती, आणि ती माजघरापर्यंत ऐकू यायची. ते कुत्र्याला भ्यायचे, बेडकाला भ्यायचे, पोस्टातून येणाऱ्या तारेला तर इतके भ्यायचे की पोस्टमन लांबून दिसला तरी आधी भिंतीला टेकून उभे राहायचे. पण ही सगळी किरकोळ भीती. त्यांची खरी भीती एकच होती. आज सभेला कुणी आलं नाही तर?

दादा पक्षाच्या गावशाखेचे चिटणीस होते. बेंबळीपासून दोन कोसांवर आमचं गाव. आमच्याच घराच्या ढाळजेत, म्हणजे दारातून आत आल्याबरोबर दोन्ही अंगांना ओटे असतात तिथं, दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ऊन कललं की सभा भरायची. सभेत काय व्हायचं? मागच्या सभेत काय झालं ते वाचायचं, आणि मागच्या सभेत काय झालेलं असायचं, तर त्याच्या मागच्या सभेत काय झालं ते वाचलेलं असायचं. मग परिपत्रक. निजामाचं राज्य गेलं तशी परिपत्रकं हैदराबादेहून यायला लागली, पुढं आम्हाला मुंबईला जोडलं तशी ती मुंबईहून यायला लागली. राजधानी बदलली, कंटाळा काही बदलला नाही. 'कार्यकर्त्यांनी आपापल्या क्षेत्रात नेटाने कार्य करावे' हे वाक्य मी दाराआडून इतक्यांदा ऐकलं की भाकरी थापताना आपसूक तोंडात यायचं. पहाटेपासून कोळपणी करून आलेली माणसं ती. त्यांच्या माना अध्यक्षांच्या दिशेनं अशा लवायच्या की बघणाऱ्याला वाटावं, काय ही नम्रता. अध्यक्ष स्वतः ठार बहिरे होते, त्यामुळं एकट्या त्यांना कधी कंटाळा आला नाही.

सभेचा दिवस उजाडला की दादा ढाळजेत येरझाऱ्या घालायचे. भाकरी पुढ्यात तशीच वाळायची. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी सरळ बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून ते आपली भीती ढाळजेतल्या खांबाला सांगायचे. "येतील का म्हणावं आज?" असं खांबाला विचारायचे, आणि मी चुलीला सांगायची, "येतील म्हणावं. न येऊन जातील कुठं." "आभाळ आलंय म्हणावं." "चैतात कसलं आभाळ म्हणावं." खांबाचं आणि चुलीचं हे बोलणं दुपारपर्यंत चालायचं. सासूबाई सुपातलं धान्य पाखडत म्हणायच्या, "ह्यो पाळण्यात बी असाच हुता. झोका थांबला की डोळं मोठं करायचा."

जांभईला ते सापासारखं भ्यायचे. एकानं दिली की दुसऱ्याला येते, दुसऱ्यानं दिली की तिसरा उठतो, आणि तिसरा उठला की सभा मोडते, असं त्यांचं गणित. म्हणून जांभई देणाऱ्याच्या हातावर ते लगेच लवंग ठेवायचे आणि त्यालाच पुढचा ठराव मांडायला लावायचे. आमच्या गावाचे कित्येक ठराव असे जांभईतून निघालेले आहेत. नवी होते तेव्हा मी एकदा शेंगदाणे भाजून, सोलून, परातीत घालून सभेला पाठवले. परात तशीच माघारी आली, आणि दादा खांबाला म्हणाले, "सोललेलं नगं म्हणावं. सोललेल्याला मानूस घडीभर बसतो, शेंगंला अर्धी सभा बसतो." तेव्हापासून टरफलासकट शेंगा जायच्या आणि दुसऱ्या दिवशी टरफलं मी झाडायची. पक्षासाठी तुम्ही काय केलंत असं मला कुणी विचारलं तर सांगण्यासारखं एवढंच आहे, टरफलं झाडली.

लघवीला उठणाऱ्याची तर फारच धास्ती. 'आलोच' म्हणून गेलेला माणूस थेट म्हशीच्या धारेलाच बसलेला सापडायचा. तेव्हा दादांनी नियम केला, जायचं तर डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवून जायचं. त्या काळात पुरुषानं गावातून उघड्या डोक्यानं फिरायचं म्हणजे घरात कुणी गेल्याची खूण. त्यामुळं नियम बिनतोड होता. पण ज्ञानोबा म्हणून एक आडदांड गडी होता, त्याची म्हैस नेमकी सभेच्या दिवशी व्यायला अडली. "टोपी ठिवून जावा," दादा म्हणाले. ज्ञानोबानं टोपी ठेवली आणि तो तसाच बोडक्यानं घराकडं पळत सुटला. वाटेत पाणी भरणाऱ्या बायकांनी बघितला. त्याची आई अंथरुणाला खिळलीय हे सगळ्यांना ठाऊक. झालं. घडीभरात बायका पदर तोंडाला लावून त्याच्या दारात हजर, कुणी गळा काढलाय, कुणी गोवऱ्यांचं बघायला लागलंय, आणि म्हातारी आतून विचारतेय, "कोन गेलं गं?" ज्ञानोबा गोठ्यातून रेडकू उचलून बाहेर आला तर चौघींनी त्याला धरून रडायला सुरुवात केली. पुढच्या सभेला तो टोपी मागायलाच आला. "आला पर," दादा खांबाला पुन्हा पुन्हा सांगत होते, "आला का न्हाय शेवटी?"

पण टोपी ही आलेल्याला धरून ठेवायची युक्ती झाली. न येणाऱ्याला आणायचं कसं? त्यावर दादांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलं नाही. त्यांनी सभाच गावभर वाटून टाकली. घंटा वाण्याकडं, कंदील ज्ञानोबाकडं, शाईची दौत अध्यक्षांकडं, आणि सतरंजी गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या मेहबूबचाचांकडं. आमच्या घरात सभेची काडीही ठेवायची नाही. म्हणजे एकजण आला नाही की सभा लंगडी, आणि बाकीचे शिव्या देत त्याला आणायला त्याच्या दारात. "सतरंजी आल्याबिगर कुनी बसायचं न्हाय," हा तर कायदाच. आमच्याकडं घोंगडी होती, बाज होती, पण नाही म्हणजे नाही. मला वाटायचं, माणूस चक्रम आहे. आणि ते होतेच, त्यात खोटं काही नाही.

मग हळूहळू मला एक गोष्ट दिसायला लागली. आमच्या पुढच्या दाराला आतून कडीच नव्हती. कडीच्या जागी नुसती भोकं. कुत्री यायची, शेजारची वासरं यायची, एकदा एक फकीर विचारत विचारत थेट चुलीपर्यंत आला. मी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, लोहाराकडून एक कडी करून घेऊ. त्यांच्या हातातलं सूप थांबलं. "त्येनंच उपसलीय," त्या म्हणाल्या. आणि मग इकडंतिकडं बघून, आवाज उतरवून त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

रझाकारांच्या दिवसांत गावाला दारं लावायची सवय लागली होती. त्यांची मोटार आली की जो तो आपली कडी लावून आत बसायचा, आणि मोटार ज्याच्या दारात थांबेल त्याचं तो बघायचा. पुढं राज्य फिरलं, लष्कर आलं, रझाकार पळाले, लोकांनी गुलाल उधळला. आणि त्या गुलालातच बाहेरगावची एक टोळी मुसलमानांची घरं विचारत गावात शिरली. मेहबूबचाचा आणि त्यांचा धाकटा भाऊ गल्लीतनं पळत आले. चाचांनी आमचं दार वाजवलं, दादांना नावानं हाका मारल्या. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार, अरेतुरेतले. दादा आतच होते. दोन्ही हातांनी कडी धरून उभे होते. "सोडीचना कडी," सासूबाई म्हणाल्या. "म्या बी सोड म्हनलं न्हाय. मला बी भ्या वाटलं." चाचा कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत दडून वाचले. धाकटा भाऊ वाचला नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी पहार घेतली, कडी उपसली आणि विहिरीत टाकून आले.

त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. चाचा दादांचे सदरे शिवायचे, सभेला सतरंजी खांद्यावर टाकून यायचे, सगळ्यांसारखे पेंगायचे आणि जायचे. दादा त्यांच्याशी बोलताना त्यांच्या पायांकडं बघायचे. गल्लीच्या त्या टोकाला स्वतः कधीच जायचे नाहीत, माप द्यायचं असलं तरी जुना सदरा पाठवायचे. कुणाकडंही गेले तरी कडी वाजवायचे नाहीत, लांब उभं राहून खोकत बसायचे. हे कळलं तसं मला त्यांचं ते सभेचं येड जरा उमगलं. माणसं एका जागी बसलेली दिसली की त्यांचा जीव खाली पडायचा. ती ऐकतात का पेंगतात याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. ज्ञानोबा एकदा त्रासून म्हणाला, "दादा, लई कटाळा येतोय हो." तेव्हा दादा म्हणाले, "येऊ दी की. भेलेल्या मानसाला कटाळा येत न्हाय."

अशात जिल्ह्याहून निरोप आला. ज्या शाखा नुसत्या कागदावर आहेत त्या मोडून शेजारच्या गावच्या शाखेला जोडायच्या असं तिकडं ठरलं होतं, आणि आमची शाखा जिवंत आहे का मेलेली हे बघायला पक्षाचे जिल्ह्याचे साहेब स्वतः सभेला येणार होते. शाखा मोडली की सभा मोडली, आणि सभा मोडली की जो तो परत आपल्या घरात. दादांनी अन्नाला हात लावणं सोडलं. त्यातच सोलापूरहून येणाऱ्या पेपरात कुठल्याशा लांबच्या शहरातल्या हिंदू-मुसलमानांच्या दंग्याची बातमी आली. एरवी पेपर पारावर मोठ्यानं वाचायचे. ती बातमी कुणी मोठ्यानं वाचली नाही, पण वाचली सगळ्यांनी.

साहेब जीपमधून आले. वाणी घंटा घेऊन आला, ज्ञानोबा कंदील घेऊन आला, अध्यक्ष दौत घेऊन आले. कधी नव्हे ती ढाळज माणसांनी भरली. सतरंजी तेवढी आली नाही. साहेब ओट्यावर टेकणार तोच दादा म्हणाले, "बसू नगा साहेब. सतरंजी येऊ द्या." साहेबांना वाटलं, मानपान असेल काहीतरी, ते हसून उभे राहिले. बराच वेळ गेला. साहेबांचं हसू गेलं. ज्ञानोबा म्हणाला, "दादा, घोंगडं आंथरू का?" "न्हाय." शेवटी वाणी बघायला गेला, आणि माघारी आला तो अगदी खालच्या आवाजात बोलला. "दार बंद हाय. आतनं कडी हाय. हाका मारल्या, कुनी बोलंना."

चाचांची बायको लेकीच्या बाळंतपणाला तामलवाडीला गेलेली, घरात चाचा एकटे, आणि पेपरातली ती बातमी. प्रत्येकाच्या मनात काय आलं ते दुसऱ्याला कळलं, कारण त्याच्याही मनात तेच आलं होतं. साहेबांना बिचाऱ्यांना यातलं काय ठाऊक. ते म्हणाले, "अहो, एका सतरंजीसाठी काय अडलंय? बसून घ्या, मला अजून ढोकीला जायचंय."

दादांनी वहाणा पायात सरकवल्या आणि ते बाहेर पडले. मागनं ज्ञानोबा निघाला, वाणी निघाला, मग सगळेच, आणि हा काय प्रकार आहे म्हणून साहेबही. सासूबाईंनी मला ढोसलं. "जा गं तू बी. पानी घे संगं. पडंल कुठं तरी त्यो." मी तांब्या घेतला, पदर पुढं ओढला आणि पुरुषांच्या मागनं चालायला लागले.

आमची गल्ली काही लांब नाही. पण त्या दिवशी ती सरेना. दादा चार पावलं टाकायचे आणि थांबायचे. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटलेली मला मागून दिसत होती. दारादारांतून बायका बघायल्या होत्या. एकीनं घाईनं दार लावून घेतलं, त्या कडीच्या आवाजानं दादा केवढे दचकले. आणि तेव्हाच माझ्या मनात आलं, आपण एवढी माणसं मिळून एका एकट्या मुसलमानाच्या दाराकडं निघालोय, आणि दाराच्या फटीतनं तो आपल्याला बघत असला तर? देवा, मागं फिरवावं का सगळ्यांना?

दादांच्याही मनात तेच आलं असणार. ते एकदम वळले. दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. "हितंच ऱ्हावा समदे," ते म्हणाले. "खाली बसा."

"कुठं बसू दादा? धुरळाय हितं," वाणी म्हणाला.

"धुरळ्यातच बस. उभ्या मानसांचं भ्या वाटतंय, बसलेल्याचं न्हाय वाटत. साहेब, तुमी बी बसा."

सतरंजी आल्याशिवाय कुणी बसायचं नाही हा कायदा करणारा माणूस हे सांगत होता. ज्ञानोबा आधी बसला. मग एकेक करत सगळी माणसं गल्लीच्या धुळीत मांडी घालून बसली. साहेबांनी दादांच्या तोंडाकडं बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, आपली पांढरीशुभ्र इस्त्रीची विजार सावरत तेही बसले. दादा एकटे पुढं गेले. मी बाईमाणूस म्हणून मला कुणी अडवलं नाही, मी तांब्या घेऊन त्यांच्या मागं.

दारापाशी जाऊन त्यांनी हात वर केला आणि खाली घेतला. परत वर केला. मला बघवेना. रीतभात सगळी विसरून मी म्हटलं, "दादा, मी वाजवू का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या घरात माझी इतकी वर्षं गेली होती, पण माझ्याशी सरळ असे ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "नगं बाय," ते म्हणाले. "ह्ये दार म्याच वाजवाय पायजे."

आणि त्यांनी वाजवलं. "मेहबूब, म्या हाय." आत काही नाही. "मेहबूब, म्या हाय रं. एकटाच हाय. दार उघड." दादांचा तो नेहमीचा धडधडणारा ऊर मला बाहेरून दिसत होता. मग आत काहीतरी सरपटलं. कडी निघायला फार वेळ लागला. बोटभर फट पडली, मग हातभर, आणि दारात चाचा. डोळे लाल, दात वाजतायत, अंगावर एक वाकळ, आणि वाकळेवरून डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली पक्षाची सतरंजी.

"हीव भरलंय सकाळपासनं," चाचा कसंबसं म्हणाले. "काय केलं तर जाईना. म्हनून ही पांगरली. सभा खोळंबली व्हय रं?"

चाचांनी दादांच्या खांद्यावरून गल्लीत बघितलं. धुळीत बसलेलं सगळं गाव बघितलं, इस्त्रीचे साहेब बघितले. मग त्यांची नजर परत फिरली आणि दादांच्या हातावर थांबली. तो हात अजून दारावरच होता.

"उशीर झाला मला," दादा म्हणाले. चाचांच्या पायांकडं नाही, तोंडाकडं बघून म्हणाले.

चाचा चौकटीला टेकले. "झाला," ते म्हणाले. "लई उशीर झाला. पर आलास."

मी तांब्या पुढं केला. चाचा घटाघटा पाणी प्यायले. दादा तिथंच उंबऱ्यावर बसले.

आता दादा नाहीत, चाचाही नाहीत. शाखा त्या वेळी वाचली, आणि पुढं दादांच्या मागं गेली. कुणी मोडली असं नाही, माणसं आपापल्या घरी बसली, एवढंच. त्या दिवशीची सभा मात्र चाचांच्याच घरात झाली, कारण सतरंजी काही त्यांच्या अंगावरून काढता येत नव्हती. चाचा बाजेवर, दादा बाजेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून, साहेब शिलाईच्या मशीनपाशी, आणि मावले नाहीत ते बाहेर गल्लीत. परिपत्रक वाण्यानं वाचायला घेतलं. कार्यकर्त्यांनी आपापल्या क्षेत्रात नेटाने कार्य करावे इथपर्यंत तो आला, तेवढ्यात ज्ञानोबानं त्याला कोपरानं ढोसलं. दादांची मान छातीवर आली होती. चाचांनाही ग्लानी आली होती, आणि त्यांचा एक हात बाजेवरून खाली येऊन दादांच्या खांद्यावर पडला होता. सभेत दादांचा डोळा लागलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. वाण्यानं आवाज उतरवला, पण वाचणं थांबवलं नाही, कारण थांबलं की ते जागे होतील अशी आम्हा सगळ्यांनाच भीती वाटली. परिपत्रक संपलं. वाण्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी दादांकडं बघितलं, मग बोटानंच खूण केली, पुन्हा पहिल्यापासून. आणि दर सभेला पळायला टपलेली ती माणसं, म्हशींच्या धारा राहिल्या तरी, ऊन जाईपर्यंत जागची हलली नाहीत.